डावा हात काय करतो?

सकाळी पावणेसात

घर उठायच्या आत पाऊण तास माझा असतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, चहा आणि अकाईचा एमपीके मिनी. पंचवीस अरुंद पट्ट्या, आठ पॅड, आठ नॉब आणि डाव्या कोपऱ्यात बोटभर जॉयस्टिक. हा दप्तरात मावतो, आणि लोकलच्या गर्दीतून सुखरूप नेता येतो हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. त्यावर गंभीर काही वाजत नाही. दोन सप्तकं आणि वरचा एक सा, एवढ्यात दोन्ही हात ठेवले की बोटं एकमेकांवर चढतात. पण आज मला लोणच्याच्या जाहिरातीची दहा सेकंदांची चाल टिपायची आहे. तिला उजव्या हाताची चार बोटं पुरतात. डाव्या हातात चहा.

माझा धंदा प्रोग्रॅमिंगचा. संगीतकार चाल देतो; तिच्याखालचे व्हायोलिन, बासरी, ढोल, जे काही ऐकू येतं त्यातलं बरंचसं मी डोंबिवलीतल्या एका बेडरूममध्ये बसून कीबोर्डावर वाजवते. त्यामुळे ओळखीचं कुणी संगीत करू लागलं की फोन येतो, ‘कुठला मिडी कीबोर्ड घेऊ?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘पट्ट्या किती हव्यात?’ पट्ट्यांची मोजणी उजव्या हाताच्या सोयीची असते. मी उलटं विचारते : वाजवताना तुमचा डावा हात काय करतो? उत्तर मिळालं की निम्मं दुकान बाद होतं.

आज संध्याकाळी बुवांना घेऊन दादरला जायचंय. बुवा म्हणजे माझ्या वडिलांच्या भजनी मंडळाचे बुवा, मूळचे कणकवलीकडचे, राहायला लालबागला. हयात पेटीवर गेली. भाच्याने लॅपटॉप दिला, त्यात पेटी, तानपुरा असं काय काय घालून दिलं, आणि आता बुवांना स्वतःच्या चाली नीट ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. भाच्याकडे जुना कॅसिओ आहे. तो चालेल का, हे मी आधीच तपासलं होतं, कारण मागे यूएसबीचं भोक असलेला कुठलाही कॅसिओ किंवा यामाहा बहुतेक वेळा मिडी कीबोर्ड म्हणून चालतो आणि नव्याचे पैसे वाचतात. ह्यालाही भोक आहे. तरी तो चालणार नाही. का, ते संध्याकाळी.

साडेनऊ

मालिकेचा भाग रात्री उशिरा आला. दुपारी एकच्या आत पार्श्वसंगीत चढवायचं आहे. सासूबाईंना कपाटात पत्र सापडतं, त्या वळतात, सून दारात. दोघींचे चेहरे, प्रत्येकी तीनदा. अशा वेळी काय वाजतं ते महाराष्ट्राला पाठ आहे. पण ते ‘ढँण’ येण्याआधी वीस सेकंद व्हायोलिनचा ताफा खालून वर फुगत यावा लागतो, आणि माझा पगार त्या वीस सेकंदांचा आहे.

इथे मोठा कीबोर्ड, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, हातोडीच्या यंत्रणेचा. पट्टी दाबली की पियानोसारखं वजन लागतं. त्यातून आवाज येत नाही. मिडी कंट्रोलर मुळात मुका असतो. कुठली पट्टी, किती जोराने, एवढंच तो संगणकाला कळवतो. हेडफोन लावून वाजवताना खालच्या मजल्यावर मात्र ठोकाठोक पोचते. खालच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘रात्री काय कुटत असतेस?’ तेव्हापासून स्टँडच्या पायांखाली रबरी गाद्या आहेत. इमारतीत राहणाऱ्याने वजनदार पट्ट्या घेताना हेही बघावं.

व्हायोलिनला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या कशाला? चालीला नकोतच. पण व्हायोलिनच्या सॉफ्टवेअरात अगदी खालच्या, वाद्याच्या पल्ल्याबाहेरच्या पट्ट्या सूर काढत नाहीत, वाजवण्याची तऱ्हा बदलतात. एक दाबली की लांब ओढ, दुसरी दाबली की तुटक, तिसरी दाबली की थरथर. आम्ही त्यांना कीस्विच म्हणतो. एकोणपन्नास पट्ट्यांच्या कीबोर्डावर तिथवर हात पोचत नाही. दर वेळी ऑक्टेव्हचं बटण दाबून खाली जा, तऱ्हा बदला, परत वर या. दिवसभर हे केलं की डोकं फिरतं. म्हणजे माझ्या डाव्या हाताला एक काम झालं : खालच्या पट्ट्या.

दुसरं काम त्याहून मोठं. पियानोवर सूर वाजला की तो विझतच जातो. व्हायोलिनचा सूर वाजल्यावर वाढतो, दबतो, पुन्हा उसळतो. पट्टी दाबण्याच्या जोरात ते सांगता येत नाही, कारण जोर एका क्षणाचा असतो. त्यासाठी सतत सरकणारं काहीतरी लागतं. मिडीत ह्याला क्रमांक आहेत. १ नंबर मॉड्युलेशनचा, ७ आवाजाचा, ११ एक्स्प्रेशनचा, ६४ पायाखालच्या सस्टेन पेडलचा. बहुतेक व्हायोलिन १ नंबरवर ताकद घेतात आणि ११ वर चढउतार. म्हणून माझ्या कीबोर्डाच्या डावीकडे दोन सरकपट्ट्या शेजारी शेजारी हव्यात, तर्जनी आणि मधलं बोट एकेकीवर ठेवता येईल इतक्या जवळ. नॉब असतील तर माझ्या उपयोगाचे नाहीत. दोन नॉब एका हाताने एकाच वेळी नीट फिरत नाहीत. कीबोर्ड निवडताना मी पॅड पाहिले नाहीत, रंगीत दिवे पाहिले नाहीत. ह्या दोन सरकपट्ट्यांमधलं अंतर पाहिलं.

सासूबाई वळल्या. सरकपट्ट्या वर. ढँण.

साडेअकरा

जाहिरातीच्या गायिकेचा फोन. ‘ताई, काळी पाच जड जाते, एक सूर खाली घ्याल का? पांढरी सहा?’

घेते. सगळे सूर निवडायचे आणि एक खाली ढकलायचे. आवाज पातळ होत नाही, फाटत नाही, कारण ध्वनी साठवलेलाच नसतो, फक्त सूचना असतात. एक सूर वाजवायचा म्हणजे तीन आकडे : कुठल्या वाहिनीवर काय करायचं, कुठला सूर, किती जोर. मधला सा, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी एक, ६० नंबर. जोर ० ते १२७. जुन्या पाच टाचण्यांच्या वायरीतून हे आकडे सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगाने जातात, म्हणजे एका सुराला साधारण एक मिलिसेकंद. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले, आणि दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांचं ऐकू लागली. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काय गंमत आहे बघा, त्या प्रदर्शनाच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी रोलँडचीच तीन यंत्रं घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली होती. मिडी नव्हतं, तरी यंत्रं एका तालात चालवली. मी तिचा विचार करते तेव्हा दोन सरकपट्ट्यांची तक्रार बंद करते.

पांढरी सहा पाठवली. गायिका खूश.

दीड

भाग चढवला. भाकरी आणि कालचं पिठलं.

अडीच

हलगी. एका नाटकाच्या पडद्यामागच्या संगीतासाठी. पट्ट्यांवर ताल वाजवणारे लोक आहेत, मी त्यातली नाही. पट्टीचा प्रवास लांब असतो, हाताला ठोका लागत नाही. ह्याला पॅड हवेत, रबरी, बोटाला उलट ढकलणारे. सकाळचाच बारका कीबोर्ड पुन्हा बाहेर. त्याचे आठ पॅड बरे आहेत. पण हलगीची काडी आणि हाताची थाप एकाच वेळी वेगवेगळ्या जोराने वाजतात, ते बोटांनी काढताना हलके ठोके गळतात. पॅडची संवेदना वाढवली की शेजारचा पॅडही चुकून वाजतो. ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड इतका रुजला त्यामागे हेच कारण असावं. तो काडीने वाजतो, आणि आपल्या वादकांचा हात काडीवर बसलेला आहे.

दोन मात्रा जमल्या, तिसरी उद्या. साडेतीनची जलद गाडी.

पाच वाजता, दादर

बुवा दुकानाच्या दारात आधीच उभे. इस्त्रीचा सदरा, कपाळाला बुक्का. खिशात पंधरा हजार, आणि त्यापुढे एक रुपया नाही, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलंय.

विक्रेत्याने एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड पुढे केला. सोळा पॅड, प्रत्येकाखाली वेगळ्या रंगाचा दिवा. दुकानाच्या संगणकाला जोडलेला, संगणकात एक महागडा पियानो. बुवांनी सा लावला तो सभागृहासारखा घुमला. ते थोडे हरखलेच.

‘बुवा, हा आवाज ह्याचा नाही. त्या संगणकाचा आहे.’

‘मगे ह्याच्यात आवाज खंय आसा गो?’

‘ह्याच्यात नाहीच.’

त्यांनी विक्रेत्याकडे असं पाहिलं की मुलगा कावराबावरा झाला. मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला. कीबोर्ड घ्यायला जाताना स्वतःचा संगणक, त्यातला स्वतःचा आवाज आणि हेडफोन न्यावा. दुकानातला पियानो ऐकून कीबोर्ड घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरची भाजी चाखून कढई घेणं. माझ्या लॅपटॉपात नमुने घेऊन बनवलेली साधी पेटी आहे. ती लावली आणि एक एक कीबोर्ड त्याला जोडत गेलो. आजकालचे बहुतेक यूएसबीला लावले की लगेच ओळखले जातात, वेगळं काही चढवावं लागत नाही.

आधी वजनदार पट्ट्यांचा. बुवांनी एक तान घेतली आणि हात झटकला. पेटीची पट्टी हलकी असते, बोटांनी नुसती चाळवली तरी सूर निघतो. हातोडीच्या पट्टीला खाली जायला आणि वर यायला वेळ लागतो, आणि पेटीवाल्याची द्रुत तान तिथे लंगडते. वजनदार पट्ट्या चांगल्या, हे पियानोवाल्यांचं मत आहे. ते त्यांनी जपावं. बुवांना स्प्रिंगच्या साध्या पट्ट्या हव्यात.

मग सदतीस पट्ट्यांचा. तीन सप्तकं, म्हणजे पेटीला जवळजवळ पुरेशी. पण पट्ट्या बारक्या, आणि बुवांचं बोट काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरताना दोन पांढऱ्या दाबू लागलं. बाद.

‘माका एवढ्यो पट्ट्यो कित्याक व्हयो?’ एकसष्टकडे बोट करून त्यांनी विचारलं. नकोतच. माझ्यासारखे कीस्विच त्यांना नाहीत. एकोणपन्नास, पूर्ण रुंदीच्या. चार सप्तकं.

आता डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. जन्मभर तो सूर वाजवत नाही, सुरांना श्वास देतो. आणि पेटीत सगळ्या सुरांना भाता एकच. सा धरून वर चाल वाजवली तर भाता दाबल्यावर दोन्ही एकत्र फुगतात. मिडीचा ११ नंबरही असाच वागतो, तो वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होतो. म्हणजे बुवांना हवं ते एकच : डावीकडे असं काहीतरी, जे हाताने सरकेल आणि जिथे सोडलं तिथेच राहील. पायाखालचं एक्स्प्रेशन पेडल चांगलं असतं, पण बुवा मांडी घालून बसतात. पेडल कुठे ठेवणार?

इथे भाच्याचा कॅसिओ अडला. त्याला चाक एकच आहे, सूर वाकवायचं, आणि ते सोडलं की स्प्रिंगने मध्यावर परत येतं. जॉयस्टिकवाले कीबोर्डही त्याच कारणाने गेले. शेजारी दुसरं चाक हवं, मॉड्युलेशनचं, स्प्रिंग नसलेलं. एकोणपन्नासवाल्यांत दोन चाकांचे दोन सापडले. मी डोळे मिटून दोन्ही चाकं फिरवली. एकाचं चाक इतकं सैल की हात लागला की धावतं. दुसरं जरा घट्ट, बोटाला अटकाव करणारं. दुसरा.

बुवा सूर वाकवायच्या चाकाशी खेळत होते. मुळात हे चाक दोन सूर खाली-वर जातं. सा पासून पंचमापर्यंत मींड घ्यायची तर सॉफ्टवेअरात पल्ला सातपर्यंत वाढवावा लागतो. मी वाढवून दिला. त्यांनी सा दाबून चाक सरकवलं आणि पेटी पहिल्यांदाच मींडेने पंचमावर चढली. त्यांनी लगेच हात काढून घेतला. ‘ही पेटी न्हय,’ म्हणाले. बरोबरच आहे. पेटीतून मींड निघत नाही, ह्या आक्षेपावर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी बाहेर काढली होती आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच राहिली. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली, ती त्याच दुखण्याच्या दुसऱ्या अंगावर. बुवांना ह्या वादात रस नाही. त्यांना पेटी पेटीसारखी हवी आहे, तिच्या सगळ्या उणिवांसकट. मला मात्र बासरी वाजवायची असते तेव्हा हेच चाक लागतं, आणि ते नसलेला कीबोर्ड मी फुकटातही घेणार नाही.

बिल पंधराच्या आत बसलं. लांब यूएसबी वायर वेगळी घेतली, कारण डब्यातली वायर जेमतेम हातभर असते.

साडेसात, लालबाग

चाळीतली खोली, दहा बाय बारा, भिंतीला विठ्ठल आणि खुंटीला झांजा. कीबोर्ड पेटीच्या बैठकीवर ठेवला. उंची बरोबर आली.

दोन कामं केली. पहिलं, जोर गोठवला : कुठलीही पट्टी कशीही दाबली तरी संगणकाला आकडा १०० जाईल. पेटीत जोरात दाबल्याने सूर मोठा होत नाही, म्हणून इथेही होता कामा नये. पियानोवाल्याला हे ऐकून ताप येईल. दुसरं, चाक १ नंबर पाठवतं, ते सॉफ्टवेअरात ११ वर वळवलं.

बुवांनी सा लावला आणि थांबले. पुन्हा लावला. ‘सूर मागसून येता गो.’

खरंच, बोट पडल्यावर दिसेल इतका उशीर. भाचा म्हणाला, कीबोर्ड बिघडलेला आहे, बदलून आणतो. मी कोपऱ्यात पाहिलं. गोल, निळा दिवा लुकलुकणारा ब्लूटूथ स्पीकर. सुराला हवेतून स्पीकरपर्यंत जायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त वेळ लागत होता. गाणी ऐकताना ते कळत नाही, वाजवताना कळतं. वायरीचा हेडफोन लावला, सॉफ्टवेअरातला बफर, म्हणजे सूर सोडण्याआधी संगणक जमवतो तो साठा, १२८ नमुन्यांवर आणला. ४८ हजारांच्या सॅम्पलिंगला हा बफर पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. मिडी कीबोर्ड उशीर करतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांतल्या बहुतेकांचा कीबोर्ड निर्दोष असतो.

आता काळी चार. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकावर. पहिल्या दोन ओळी बुवा चाक एका जागी धरून बसले, कारण मी तसं दाखवलं होतं. पेटी सपाट वाजत होती, लिफ्टमधल्या संगीतासारखी. मग अंतरा आला, ते गाऊ लागले, आणि डावा हात आपोआप भाता मारू लागला. चाक वर, खाली, वर. गरज नसताना, इथे हवा संपत नाही. पण प्रत्येक झटक्याबरोबर सूर फुगला आणि बसला, समेवर जरा जास्त.

‘अगो, हो भातोच मा!’

पडद्यावर ११ नंबरची रेघ डोंगरासारखी चढत-उतरत होती. भाच्याने विचारलं, हे वाकडंतिकडं सरळ करून टाकू का? त्याला हात लावायचा नाही, असं मी बजावलं. ही रेघ पुसली की उरेल तो कॅसिओ.

बुवांनी दोन गजर मुद्रित केले. दुसरा काळी चारात झाला, कोरसची पोरं पांढरी चारावर गातात म्हणाले, तो तिथल्या तिथे तीन सूर खाली आणला. मग त्यांनी मोर्चा पुढे वळवला. ह्याच पट्ट्यांवर पखवाजही वाजेल का? वाजेल, सॉफ्टवेअर मिळतं, मी म्हटलं, पण वर्षानुवर्षं तुमच्याबरोबर बसणारा पखवाजवाला पलीकडच्या खोलीत राहतो, त्याला माइकसमोर बसवा.

‘तेका बोलवलंय तर तो आधी च्या मागतलो, मगे भजी मागतलो,’ बुवा म्हणाले, आणि भाच्याला माइकची चौकशी करायला सांगितलं.